घरी बसायच्या शाली

कापूस घरी यायला लागला की आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागतो. आधी एक गाठोडं, मग दुसरं, मग बसायलाच जागा उरत नाही. ह्या घरातले किस्सेही असेच साचतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. आपण जरा टेकायला जावं, तर खाली किस्सा! लग्न होऊन मला अजून वर्ष व्हायचंय. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. तर त्या ढिगातले हे थोडे.

*

सासरी आल्यावर पहिल्यांदा लोखंडी कपाट उघडलं, तर आत शालीच शाली. सगळ्या मामंजींच्या. मी हरखलेच! पेडगावला माझे वडील जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना कुठे एक शाल मिळाली होती.

"आत्याबाई, मामंजींचे एवढे सत्कार झालेत?"

सासूबाईंनी भाकरी उलटली. "सत्कार कशाचे बाई! त्या घरी बसायच्या शाली हायेत."

मग हळूहळू उलगडा झाला. कबड्डीच्या मुलखात वालूरजवळच्या आमच्या ह्या एका गावाला फुटबॉलचं वेड. निजामाच्या काळातल्या कुणा अंमलदारानं लावलेलं म्हणतात. मामंजींनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही, पण आपल्या टीमचा गोल पंचांनी नाकारला की मैदानाभोवतीची दोरी ओलांडून सगळ्यात पहिले तेच आत! पंच पुढे, मामंजी मागे. एक पंच तर तुरीच्या रानात शिरले ते पलीकडे रस्त्यावर निघाले, आणि एसटीत बसून थेट जिंतूरला पोचले. शिट्टी तोंडातच!

शेवटी गावच्या स्पर्धेच्या कमिटीनं शक्कल काढली. दर वर्षी फायनलच्या सकाळी घरी यायचं, शाल-नारळ देऊन मामंजींचा सत्कार करायचा आणि दोघांनी मॅच संपेपर्यंत त्यांच्यासोबत चहा पीत बसायचं. दारात आलेला पाहुणा सोडून माणूस उठणार कसा? मामंजी राडेबाज असतील, पण रीतीला पक्के!

"मारामाऱ्या सुटून लय वर्षं झाली," मामंजी एकदा सरकी चिमटीत फिरवत म्हणाले. "पण शाल काही सुटंना. फायनल मी घरूनच ऐकायलोय. ओरडा झाला की कळतं, गोल झाला. कुणी मारला, ते न्हाई कळत."

*

आमचे हे लग्नाचं शूटिंग करतात. मुहूर्त नसले की पिक्चर काढायची स्वप्नं बघतात. ह्या हिवाळ्यात ठरलं: कॉमेडी पिक्चर, म्हातारा फुटबॉल राडेबाज सुधारायला निघतो. हिरो घरातच!

"आबा, तुमीच करा. शिकवायचं काम न्हाई," हे म्हणाले.

मामंजींनी धोतराला चिकटलेला कापूस झटकला. मग म्हणाले, "शेवटचा सीन खऱ्या फायनलला घ्यायचा. मला मैदानात बसवून. शेवटपर्यंत. तरच करतो."

कमिटी एवढ्या लवकर तयार होईल असं वाटलं नव्हतं. अध्यक्षांची एकच अट होती: "आमचा बी एक क्लोजअप पायजे!"

*

लग्नाचा फोटोग्राफर डायरेक्टर झाला की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मारामारीचा सीन, धूळ उडतेय, माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि हे ओरडतायत, "आबा, थोडं स्माईल! कॉलर धरणारे जरा डावीकडं सरका!"

एडिटिंग तर त्याहून भारी. ह्यांच्या कॉम्प्युटरला लग्नाचीच सवय. त्यामुळे मामंजींनी ढकललेला माणूस स्लो मोशनमध्ये, ढगासारखा, मागे मागे तरंगत गेला आणि त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या!

आम्ही हसून लोटपोट. मामंजी मात्र स्क्रीनकडे एकटक. "अजून एकदा लाव रे."

पुन्हा लावलं. पाकळ्या पडत राहिल्या.

"एवढ्या हळू पडायला असता," मामंजी म्हणाले, "तर मीच झेललं असतं त्याला."

*

मामंजींना डायलॉग पाठ होईनात, म्हणून कॅमेऱ्यामागून हळूच सांगायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच सीनला शिवी! नवी सून सासऱ्याला शिवी सांगणार कशी? मी पदर सावरला आणि म्हणाले, "फुली."

मामंजी पंचाच्या अंगावर धावून गेले आणि त्यांनी मैदान दणाणून सोडलं, "अरे ए, फुली!"

गावातली पोरं आता भांडताना तेवढंच म्हणतात.

*

पुढची अडचण अशी की मी समोर असले की मामंजींना राग येईना. हे वैतागले. मला म्हणाले, "तू घरी जा बरं. तुझ्यापायी सीन व्हईना."

"कुणाला घरी जा म्हणायलास रे?" मामंजींचा आवाज एकदम बदलला. "लोकायला मैदान, आन हिनं कामून घरी बसायचं? घरी बसणं काय असतंय, तुला ठाव हाय का?"

ट्रायपॉड आडवा झाला. ह्यांची कॉलर मामंजींच्या मुठीत. कॅमेऱ्यावरचा ह्यांचा मित्र मात्र कॅमेरा छातीशी धरून शूट करतच होता. "ओके! एका टेकमध्ये!"

पिक्चर आला की बघा. त्या सीनमध्ये पाठमोरा जो माणूस गदागदा हलताना दिसतो, तो माझा नवरा.

*

फायनलच्या सकाळी कमिटी सवयीनं शाल-नारळ घेऊन दारात आलीच! पण ह्या वेळी शाल अंगावर घालून मामंजींना मैदानात नेलं. पुढच्या रांगेत खुर्ची दिली. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या मात्र रिकाम्या. मामंजी उठलेच तर पळायला वाट हवी, म्हणून असेल.

मी मागे उभी. पिवळं, सुस्त ऊन. कुठूनशी कापसाची म्हातारी उडत यायची आणि कितीतरी वेळ हवेतच राहायची. मामंजी गुडघ्यावर हात ठेवून, लहान मूल जत्रा बघतं तसे बघत होते. गोल कोण मारतंय, ते त्यांना दिसत होतं.

मॅच संपत आलेली, बरोबरीत. आमच्या पोरानं चेंडू जाळीत मारला आणि पंचानं हात वर केला. ऑफसाइड! पंच परभणीचा तरुण, आमच्या गावात पहिल्यांदाच आलेला.

कुणी पंचाकडे बघेना, सगळे मामंजींकडे.

मामंजी उठले.

सीनमध्ये त्यांना बसूनच राहायचं होतं. मी हळूच म्हणाले, "मामंजी, बसा." पण ते दोरी ओलांडून चालायला लागले होते. सावकाश, त्या पाकळ्यांच्या सीनमधल्यासारखे. अध्यक्ष "अहो, अहो!" करत मागे धावले. पंच एक पाऊल मागे सरला, पण पळाला नाही.

मामंजींनी अंगावरची शाल काढली. झटकली. नीट घडी घातली. पंचाच्या खांद्यावर ठेवली आणि हात जोडले.

पंच गोंधळला, आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

मामंजी अध्यक्षांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ह्यांच्यासंगं दोघंजण बसा. चहा सांगा."