पपांचा सूर्यफुलांचा पट्टा

नायगावपासून लालबागपर्यंतचा एकूण एक खांब तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या मुंबईत एकच, आणि तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचे पपा. विजेचे, सिग्नलचे, बसस्टॉपचे, सगळे खांब. सायलीचे पपा, पण लहानपणापासून तिच्याच घरात पडीक असल्यामुळे माझेही पपाच. त्यांच्या उजव्या कानाच्या आत काहीतरी बिघाड आहे. त्या कानाने ऐकू येत नाही, आणि कधीही, म्हणजे अक्षरशः कधीही, जग गरगर फिरायला लागतं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतो फक्त साठीचा एक माणूस, जो झुलत झुलत येतो आणि खांबाला मिठी मारतो. दुसरा कोणी लाजला असता, पण पपा खांब धरला की तिथेच गप्पांचं दुकान मांडतात. एकदा परळच्या सिग्नलला ते एका अनोळखी टॅक्सीवाल्याला कोळंबी कशी साफ करायची ते शिकवत होते. सिग्नल तीनदा हिरवा झाला, मागचे हॉर्न मारून मेले, टॅक्सीवाला हलला नाही. भाजी ते महाग विकणाऱ्या बाईकडून घेतात, कारण तिच्या टोपलीशेजारी रेलिंग आहे. काकू, म्हणजे सायलीची आई, ओरडतात, तर म्हणतात, "तो पलीकडचो स्वस्त देता गो, पण थंय धरूचा काय, भोपळो?"

आता झुलणारा माणूस बघून लोक काय समजतात ते सांगायला नको. "काय काका, दुपारीच?" हे मी त्यांच्यासोबत चालताना इतक्या वेळा ऐकलंय ना, की मला तिथल्या तिथे भांडायचं असतं. आणि सगळं हसण्यावारी नेणारे पपा या एका वाक्यावर गप्प होतात. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या वडिलांनी दारूत घर घालवलं, आईची पितळेची भांडीसुद्धा. त्यामुळे पपांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा चष्मा लावून, बाटली पूर्ण वाचून घेतात. एकदा ऑफिसात कोणीतरी केक दिला, खाऊन झाल्यावर कळलं त्यात रम होती, तर हा माणूस घरी येऊन मोरीत अर्धा तास चुळा भरत बसला होता.

मग सायलीने बंगलोरहून येताना एअरपोर्टवरून तो पट्टा आणला. हिरवा, त्यावर पिवळी सूर्यफुलं. ज्यांचा आजार वरून दिसत नाही त्यांनी गळ्यात घालायचा, म्हणजे समोरच्याने समजून घ्यायचं की बाबा, याला जरा वेळ द्या, बसायला द्या. पपा इतके खूश, की पहिले आठ दिवस घालून झोपले. बँकेत काउंटरवरची मुलगी खुर्ची घेऊन बाहेर आली, तर ती खुर्ची केवढी होती, कुठल्या रंगाची होती, हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. चार वेळा तेच, प्रत्येक वेळी तेवढ्याच आनंदाने.

आणि इथून माझं डोकं फिरायला सुरुवात होते. आमच्या चाळीत शिडी एक, मोठा टोप एक, पाहुण्यांसाठी घडीची खाट एक, आणि ते सगळं सगळ्यांचं. तर लोकांना वाटलं पट्टाही तसाच. खालच्या मजल्यावरच्या एकाने हॉस्पिटलच्या रांगेसाठी नेला, त्याचा नंबर लवकर लागला, आणि संपलं. "काका, पट्टा मोकळाय का आज?" "आहे, ने. पण संध्याकाळी आण हां, मला भाजीला जायचंय." धडधाकट माणसं, चार-चार जिने उड्या मारत चढणारी, पासपोर्टच्या रांगेला नेतात, देवळाच्या रांगेला नेतात, एक बाई तर लग्नात जेवणाच्या रांगेला घेऊन गेली. मी पपांशी भांडले. म्हटलं, तुम्ही देताच कशाला? तर म्हणाले, "शिडी देतंय, खाट देतंय, मगे पट्ट्याकच नाय कशाक म्हणू?"

वर तिसऱ्या मजल्यावरच्या जिमवाल्याने ऑनलाइन अख्खा गठ्ठाच मागवला. कोणी सर्टिफिकेट मागत नाही, काही नाही. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत, आणि हा मला म्हणतो, "अगं, आतलं कोणाला दिसतंय?" तोच तर मुद्दा आहे ना, मूर्ख माणसा. आतलं दिसत नाही म्हणून तर पट्टा आहे. ज्याचं दिसत नाही त्याच्याकडे लोकांच्या विश्वासाशिवाय दुसरं काहीच नसतं, आणि तुम्ही तोच संपवताय, कशासाठी, तर अर्धा तास वाचवायला.

मे महिन्यात चाळीच्या पुनर्विकासाची कागदपत्रं तपासायचा कँप लागला. एक मोठी रांग, उन्हात. एक छोटी रांग, मंडपात, पंख्याखाली, म्हाताऱ्या आणि आजारी लोकांसाठी. छोट्या रांगेत आमची निम्मी चाळ उभी, प्रत्येकाच्या गळ्यात सूर्यफुलं. पपा काकूंसोबत आले, फाइल छातीशी धरून, आणि गेटपाशीच त्यांना चक्कर सुरू झाली. धरायला काही नव्हतं. ते सरळ सिक्युरिटीवाल्याच्या खांद्यावर गेले.

"ओ काका, पिऊन आलात काय? आणि वर हा पट्टा? सकाळपासून वीस जण पट्टेवाले आत सोडलेत मी, सगळे टणाटण चालतायत. खरं सांगा, हे सगळे आजारी आहेत?"

त्याने आमच्याकडे बोट केलं. पपांनी आमच्याकडे बघितलं. एक शब्द, फक्त "नाही" म्हणाले असते, तर त्याला कळलं असतं खरं कोण आहे ते. पपा म्हणाले, "हो. सगळे आजारी आहेत. चाळ जुनी आहे ना."

"मग तुम्हीपण तसलेच आजारी. चला, बाहेरच्या रांगेत."

तेव्हा पपांनी चष्मा काढून काकूंकडे दिला, आणि त्या पंचविशीतल्या पोरासमोर तोंड उघडलं. "वास घे," म्हणाले. "घे ना. मी पिऊन आलेलो नाही." तो मान मागे घेत होता आणि पपा तोंड उघडं ठेवून उभे होते. मंडपातलं एक माणूस बोललं नाही. बोलणार कसं? त्यांचा खरा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तुमचा? जिमवाला फोनमध्ये बघत होता. मला तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटत होता, पण मीही बोलले नाही. सकाळी त्यानेच मला एक पट्टा दिला होता, "घाल, अर्ध्या तासात सुटशील," आणि मला बारा वाजता इंटरव्ह्यू होता, आणि मी घातला होता.

पपा काकूंचा हात धरून बाहेरच्या रांगेत दोन तास उभे राहिले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. सॉरी म्हणायचं हे दाराबाहेर चार वेळा घोकून आत गेले. पपा माझ्या कुर्त्याकडे बघत होते. घामाने पट्ट्याचा हिरवा रंग पांढऱ्या कॉलरला लागला होता, मला पत्ताच नव्हता. म्हणाले, "रंग कच्चो आसा गो. मिठाच्या पाण्यात भिजत घाल, नायतर डाग रवतलो." आणि काकूंना म्हणाले, हिला चहा दे. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी चहा प्यायले आणि घरी आले.

तेव्हापासून पपा पट्टा घालत नाहीत. सायलीने फोनवर विचारलं, तर म्हणाले, हरवला. मग तिचा मला फोन. "कुठे ठेवलाय गं यांनी? तू जरा शोध ना, तुला घर माहितीये."

मी म्हटलं, शोधते.