तिसऱ्या पाहुण्याचं ओळखपत्र

गणपती आणायला मी आणि बाबा दरवर्षी रोह्याहून पेणला जातो. गाडी मी चालवते, मूर्ती बाबांच्या मांडीवर. आमच्याकडे मूर्ती घरातल्या पुरुषानेच हातात घ्यायची, असा शिरस्ता. मला भाऊ नाही. बाबांचा खांदा धरल्यापासून "पुढच्या वर्षी पुतण्याला सांगू" असं त्यांचं सुरू झालं होतं. ते ऐकून मला वाईट वाटायचं. खरं तर रागच यायचा.

त्या वर्षी मूर्ती घेऊन परतताना संध्याकाळी नागोठण्यापाशी रस्त्यावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. मागे वळलो आणि गडबच्या बाजूला एका नव्या हॉटेलात मोबाइलवरूनच खोली घेतली. किती जण, असं त्यात विचारलं होतं. बाबा म्हणाले, "तिघं." मीही गंमत म्हणून तीन लिहिलं.

हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. दाराशेजारी कमरेच्या उंचीवर एक स्क्रीन. पाहुण्यांनी त्याला ओळखपत्र आणि चेहरा दाखवायचा, मग दार उघडणार. त्याने तिघांची ओळखपत्रं मागितली. तिसरा पाहुणा तोंडावर रुमाल घेऊन बाबांच्या हातांत बसलेला. मदतीचा नंबर लावला, तर एक बाई गोड आवाजात तेच तेच सांगत राहिली; रेकॉर्डिंग होतं ते. भांडायला तरी माणूस हवा ना! शेवटी ती खोली रद्द करून दोघांसाठी नव्याने घेतली.

माझा चेहरा पटला, बाबांचा पटेना. ते वाकले की रुमालाखालचा मुकुट मध्ये यायचा. दुखऱ्या खांद्याला आता मूर्ती पेलवेना. जरा खाली ठेवा म्हणायची सोय नव्हती, कारण आणलेली मूर्ती थेट पाटावरच टेकवायची. मी दाराला लाथ घालायच्या बेतात होते.

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. हायवेवरून ट्रक जात होते, जवळपास कुणीच नव्हतं. मग ते माझ्याकडे बघत राहिले.

"हात पुढं कर," ते म्हणाले. "चपला काढ आधी."

मूर्ती वाटली होती त्याहून जड निघाली. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले. बाबांनी वाकून चेहरा दाखवला आणि दार उघडलं. ते पुन्हा मिटू नये म्हणून त्यांनी त्यात स्वतःची चप्पल अडकवली.

मी आत पाऊल टाकणार, तोच त्यांनी अडवलं. "थांब गो. असं नाय जायाचं."

मूर्ती घेऊन आलेल्याच्या पायांवर उंबऱ्यातच पाणी घालतात. घरी ते आई घालते, बाबांच्या पायांवर. इथे घालणारं कोण? बाबा गाडीतली पाण्याची बाटली घेऊन आले, धरलेला खांदा सावरत वाकले आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. मला रडू आवरेना, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

मग बाजूला सरकून, आतल्या रिकाम्या पॅसेजकडे हात करत बाबा म्हणाले, "या."