ताईची होडी आणि खरखरकाका

तो संगणक पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, कुणीतरी भंगारातून उचलून आणलाय. करड्या चौकटी, टोकदार कोपरे, ठोकळे रचून काढल्यासारखी चित्रं. माझ्या जन्माआधीचं काहीतरी. मी विचारलं, "हा अजून चालतो?"

"आ-आतून नवा आहे," काका म्हणाले. "फक्त क-कपडे जुने घातलेत."

काका ध्वनिमुद्रण करतात. घरातल्या मागच्या खोलीला फोम लावून त्यांनी तिचा स्टुडिओ केलाय. साहित्याची पदवी घेऊन मी काम शोधत होते, तेव्हा त्यांच्याकडे पुस्तकं मोठ्याने वाचायचं काम मिळालं. मी काचेच्या आत बसून वाचते. ते बाहेर ऐकतात. नंतर त्यातून पंख्याची घरघर, पानांची सळसळ, माझे श्वास, सगळं वेचून काढतात. धंद्यातले लोक त्यांना खरखरकाका म्हणतात. तोंडावरसुद्धा. त्यांना चालतं.

ते लहानपणापासून बोलताना अडखळतात. लोक घाईघाईने त्यांचं वाक्य पुरं करून देतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं. म्हणून ते फोन घेत नाहीत. फोन काकू घेतात.

जेवणानंतरचा वेळ मात्र त्यांचा स्वतःचा. एका ऑफिसने टाकून दिलेला, तसा नवाच संगणक त्यांनी घरी आणला होता आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली होती. लिनक्सला हवं तसं सजवता येतं, आणि काकांनी हौसेने सजवलं होतं. खिडक्या, बटणं, चालू होतानाची टिंग, सगळं त्यांच्या तरुणपणातलं. त्यातल्या एकेका चित्रावर टिचकी मारली की एकेक जुना संगणक जिवंत व्हायचा. म्हणजे नव्या यंत्रातला एक प्रोग्राम त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करायचा. एम्युलेटर म्हणतात त्याला. मग काका एका इवल्याशा माणसाला शिड्या चढायला लावायचे. मीही खेळून पाहिलं. काय करायचं ते कळायच्या आत मेले.

"लोकांच्या घरी माणसं म्हातारी होतात," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "आमच्याकडे वय उलटं चाललंय."

एक दिवस काकांनी ड्रॉवरमधून एक कॅसेट काढली. साधी, गाण्यांची असते तशी. आपल्याला बोलायला वेळ लागणार हे ठाऊक असल्यासारखे ते आधी खुर्चीत नीट बसले, मग सांगू लागले.

त्यांची मोठी बहीण, ताई, तरुणपणी संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. सुट्टीत क्लासमधलं यंत्र घरी आणायची. टीव्हीला जोडायचा एक कीबोर्ड, एवढंच ते यंत्र. प्रोग्राम जपून ठेवायचा तर तो कॅसेटवर आवाजाच्या रूपात भरायचा. कर्कश, किंचाळल्यासारखा आवाज. त्या यंत्रावरच्या खेळांत छोटा भाऊ लगेच मरायचा आणि हिरमुसायचा. म्हणून ताईने त्याच्यासाठी स्वतः एक खेळ लिहिला. नदी, होडी आणि नावाडी. नावाडी प्रश्न विचारणार, आपण उत्तर टाइप करायचं, होडी पुढे सरकणार. त्यात मरायचं नव्हतं.

यंत्र कधीच गेलं. कॅसेट राहिली.

आता ताईंची नजर जात होती. चाचपडण्याइतकी नाही, पण ओळीवर ओळ चढायची. वाचन सुटलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढचं फार आशेचं सांगितलं नव्हतं. रविवारी त्या काकांकडे यायच्या होत्या. त्यांना अक्षरं दिसताहेत तोवर तो खेळ त्यांच्यासमोर चालू करायचा, एवढंच काकांच्या मनात होतं. जुन्या यंत्राची अक्षरं वीतभर वाटावीत इतकी मोठी. "ती व-वाचेल," ते म्हणाले. "ती अक्षरं ती नक्की वाचेल."

त्यांनी कॅसेट वाजवली, आवाज संगणकात घेतला. किंचाळी थांबून शांतता आली तसं मशीन बंद केलं. कॅसेट सुरुवातीला न्यायला फिरवली, तर मशीनने टेप गिळली. बाहेर काढली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या भागाच्या चुण्या झाल्या होत्या. काका शांत होते. आवाज तर घेतलेला होताच.

तो आवाज त्यांनी एम्युलेटरला दिला. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावले. मग पट्टे थांबले आणि चूक झाल्याची ओळ आली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

त्यांनी हेडफोन लावून तो आवाज ऐकला आणि हेडफोन हळूच मांडीवर ठेवले.

"मी साफ केला," ते म्हणाले. एकदाही न अडखळता.

मला कळायला वेळ लागला. आयुष्यभराची सवय. आवाज आला की त्यातली खरखर काढायची आणि स्वच्छ झालेला आवाज जुन्यावरच सेव्ह करायचा. हातांनी विचार न करता तेच केलं होतं. ताईंचा खेळ म्हणजे ती खरखरच होती.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं नाही. चुण्या बोटांनी सरळ केल्या. साफ केलेल्या आवाजात खरखर परत भरून पाहिली. माझं वाचन बंदच होतं. शनिवारी काकू आत आल्या, पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"ज्यांनी लिहिलाय त्यांना विचारा की."

काका मानेनेच नाही म्हणाले. ताईला अचानक दाखवायचं होतं. शिवाय फोन. काकूंनी काही न बोलता नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"ताई," काका म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. पलीकडूनही काही नाही. हॅलो नाही, बोल ना नाही. मी आजवर अशी शांतता फोनवर ऐकली नव्हती.

"ताई, तुझी हो-होडी बु-बुडवली मी."

कुठली होडी, असं ताईंनी विचारलं नाही. काय झालं ते सगळं सांगू दिलं. मग त्या हसल्या.

"अरे वेड्या, मी कायम दोनदा सेव्ह करायचे. सगळेच करायचे तेव्हा. टेपचा काय भरवसा? पुढे ने. जरा वेळ गप्प राहील, मग पुन्हा तशीच किंचाळेल."

शांतता आली म्हणजे संपलं, असं काकांनी धरलं होतं. त्यांनी ब्लेडने चुरगळलेला भाग कापला, टोकं चिकटवली. हे काम हात विसरले नव्हते. टेप पुढे नेली. शांतता. आणि मग ती किंचाळी. आवाज आत येत होता तेव्हा काका स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

पट्टे धावले. या वेळी थांबले नाहीत. चार निळ्या रेघांची नदी उमटली.

रविवारी ताई आल्या. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं. पडद्यावर नावाड्याचा प्रश्न होता. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. त्या यंत्राला दुसरी लिपी येत नव्हती. ताई पुढे वाकल्या. मग थोड्या मागे झाल्या. एकेक अक्षर उच्चारत त्यांनी वाचलं, "पलीकडे काय न्यायचं?"

त्या उत्तराची बटणं शोधू लागल्या. बोटं चाचपत राहिली, बटण सापडेना. मी मदतीला पुढे होणार, तेवढ्यात पडद्यावर आपोआप दुसरी ओळ आली. ताईंनी तीही वाचली.

"घाई नाही. मी थांबलोय."

त्या भावाकडे वळल्या. "हे मी लिहिलं होतं?"

"हो." काकांचा पुढचा शब्द अडला. मला तो शब्द कळला होता. मी तोंड मिटून घेतलं. काकू दारात उभ्या होत्या, त्याही गप्प.

"ते-तेव्हा कुणीच थांबायचं नाही, ताई. शाळेत नाही, घ-घरात नाही. मी रोज उत्तर न देता ही ओळ यायची वा-वाट बघायचो. तुझे आभार मानायचे रा-राहूनच गेले."

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हाताने त्या पुन्हा बटण शोधू लागल्या. काकू जरा वेळाने म्हणाल्या, चहा गार होतोय.

"होऊ दे," ताई म्हणाल्या. "नावाडी थांबलाय."