जाफरने ऐकून निवडलेली सायकल

सांगलीहून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना डाव्या हाताला जाफर मुलाणीचं सायकलचं दुकान आहे. पूर्वी सकाळच्या पाळीआधी तिथे कामगारांच्या सायकलींची रांग लागायची. आता कामगार मोटारसायकलवर येतात आणि जाफर त्यांची पंक्चर काढतो. मी जवळच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात पस्तीस वर्षं आहे. येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. जाफर माझा दहावीपर्यंतचा वर्गमित्र. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि तो वडिलांच्या दुकानात बसला.

आम्ही विशीत होतो तेव्हा आमच्या भागात सायकल शर्यतींचं वेड होतं. गावोगावच्या जत्रांतसुद्धा शर्यती व्हायच्या. स्पर्धकांच्या मागून एक उघडा टेम्पो जायचा. त्यात जाफर जादा चाकं मांडीवर घेऊन बसायचा आणि शेजारी मी, स्टॉपवॉच आणि वही घेऊन. उतार लागला की ड्रायव्हर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचा. मग पुढच्या सायकलींचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. चेनची सळसळ, आऱ्यांतून जाणारा वारा. जाफर डोळे मिटून ऐकायचा.

म्हसवडच्या शर्यतीत एकदा तो एकदम उठून उभा राहिला. "बाळासोचं मागचं चाक ढिलं झालंय!" बाळासो आमच्यातला सगळ्यात दमदार गडी, तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. जाफरने घसा बसेपर्यंत हाका मारल्या, पण तो थांबला नाही. दोन किलोमीटरवर चाक हेलकावे खात बंद पडलं.

"आदी का वरडला न्हाईस रं?" बाळासो त्याच्यावरच खेकसला.

"वरडलो की! तुला पयल्या नंबरापुढं ऐकू येत न्हाई त्याला मी काय करू?"

बोलता बोलता त्याने चाक बदललं. माझ्या वहीत नोंद आहे, बावीस सेकंद. बाळासो दुसरा आला. परतताना तो टेम्पोत जाफरच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता.

त्या शर्यती हळूहळू बंद झाल्या, टेम्पोही गेला. पण जाफरची मुलगी अर्फा दुकानातल्या सायकलींवरच वाढली. आज ती बावीस वर्षांची आहे आणि डोंगरवाटांवरच्या शर्यतीत उतरते. तिची सायकल आजवर जाफरनेच जुळवून दिली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो सगळी सायकल खोलायचा, पुसायचा आणि परत बांधायचा. अर्फा शेजारी स्टुलावर बसून पाने हातात द्यायची. तेवढा वेळ दुकानात गिऱ्हाईक आलं तरी त्याला चालायचं नाही.

यंदा साताऱ्याच्या एका क्लबने तिला घेतलं. क्लबकडे दोन सायकली होत्या, दोन्ही पुढून-मागून शॉकअप असलेल्या. त्यातली एक अर्फाने हंगामासाठी निवडायची होती. हिरवी सायकल हलकी, चढाला चांगली. तिच्या मागच्या सांगाड्याला एकच सांधा, त्यामुळे तिची देखभाल घरी होण्यासारखी. राखाडी सायकल दीड किलोने जड, पण तिचे शॉकअप जास्त दबायचे, म्हणून खडबडीत उताराला सरस. तिला चार सांधे, प्रत्येकात बारीक बेअरिंगं, ती काढायला वेगळी हत्यारं. ती क्लबच्या मेकॅनिककडेच ठेवावी लागणार होती. म्हणजे सरळ होतं. हिरवी घेतली तर अर्फा सांगलीत राहून सराव करणार. राखाडी घेतली तर हंगामभर साताऱ्यात, मुलींच्या हॉस्टेलवर.

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही तिघं साताऱ्याला निघालो. जाफरच्या बायकोने, जैनबभाभींनी, दारातच मला बजावलं, "भाऊजी, पोरगी परत घेऊन या."

यवतेश्वरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी उत्कर्षाताई, म्हणजे क्लबच्या प्रशिक्षक, दोन्ही सायकली घेऊन थांबल्या होत्या. दुपारपर्यंत निर्णय हवा होता; उरलेली सायकल दुसऱ्या मुलीला जायची होती. मी आदल्या दिवशीच रेघांच्या कागदावर तुलना करून आणली होती. जाफरने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने हिरवी सायकल मागून वीतभर उचलली आणि सोडून दिली. जुन्या सायकलीत काय ढिलं आहे ते असं आपटलं की खडखडून कळतं. ही नुसती दबली आणि गपचूप वर आली.

"ही काय बोलतच न्हाई," जाफर म्हणाला.

"अब्बा, तिला न बोलण्यासाठीच बनवलीय," अर्फा हसली.

मग त्याने पाना काढला, हिरवीचा सांधा खोलून पाहिला आणि परत बसवला. त्याचा चेहरा खुलला. "हे जमतंय गड्या. आपल्याच जातीचं काम हाय." राखाडीजवळ तो बराच वेळ उकिडवा बसला. चारही सांध्यांवरून बोट फिरवलं, पण पाना लावला नाही.

अर्फा दोन्ही सायकलींवर एकेकदा वर जाऊन आली. "हिरवीच बरी," ती म्हणाली. "चढाला पिसासारखी जाते. काका, लिहा."

मी पेन काढलं. जाफर म्हणाला, "थांब. परत एकदा ये खाली. दोन्हींवर."

तो वाटेवर दोनशे पावलं वर चढला. तिथे एक उतरतं वळण होतं, खाली सुटी खडी. वळणाच्या आतल्या बाजूला, दगडाला टेकून त्याने डोळे मिटले. मी शेजारी उभा राहिलो. कितीतरी वर्षांनी त्याला मी असं पाहत होतो.

हिरवी आली. वळणाच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक कुईं वाजला, मग पुन्हा, मग खडीवर मागचं चाक खरडलं. अर्फा सुखरूप गेली. मला तरी त्यात काही वावगं वाटलं नाही.

राखाडी आली. वळणाच्या तोंडाशी एकच बारीक कुईं, मग नुसता टायरचा घरघराट, आणि ती निघून गेली.

जाफरने डोळे लगेच उघडले नाहीत. मी म्हटलं, "झालं की रे." तो म्हणाला, "व्हय. झालं."

खाली आल्यावर त्याने सांगितलं, "राखाडी घ्या मॅडम."

अर्फाने हेल्मेट काढलं. "अब्बा, मी हिरवी म्हटलंय."

"चढाला हिरवी बरी, खरं उताराला तू तिच्यावर भितीस."

"मी नाही भीत."

"तू न्हाई सांगत, ब्रेक सांगतोय."

"मग सवय होईल मला. हिरवी घरी तरी राहील."

"घरी ठेवायला सायकल घेत्यात व्हय?" जाफर जरा जोरातच बोलला, मग आवाज उतरवून म्हणाला, "माझ्यासाठी निवडू नगंस."

अर्फा हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. उत्कर्षाताईंनीच तो अवघड वेळ मोडला. "मग आता हिच्या वजनाप्रमाणे शॉकमध्ये हवा भरायला हवी," असं म्हणत त्यांनी काटा असलेला एक छोटा पंप पुढे केला.

जाफरने तो उलटसुलट करून पाहिला. "हवाच भरायची न्हवं?"

अर्फा माझ्या खांद्याला धरून राखाडीवर बसली. जाफर गुडघ्यावर बसून पंप मारू लागला.

"वजन किती तुझं?"

"एक्कावन्न."

"मागल्या वर्षी त्रेपन्न हुतं."

"अब्बा, काट्याकडे बघा ना."

ती फोनवरचा तक्ता बघून आकडा सांगायची, तो दोन हात मारून काटा बघायचा. "अजून पाच... बास, बास. थोडी सोडा." दहा मिनिटं ते दोघं तेवढंच बोलत होते. उत्कर्षाताई लांब जाऊन फोन करत उभ्या राहिल्या.

जाफरने पंप काढला, शॉकच्या तोंडाची टोपी घट्ट बसवली आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"हॉस्टेलला नीट जेव. वजन बदललं की हवा बदलावी लागंल."

"इथला मेकॅनिक करेल की ते."

"त्याला बेअरिंगं करू दे," जाफर म्हणाला. "हवा भरायला मी येईन."