बाजार चुकलेला माणूस

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत मुलींचा व्हॉलीबॉल सामना होता आणि आदल्या दिवशी जाळी फाटलेली निघाली. उत्साही पालक म्हणून मीच गाठी मारत बसलो. तलावातले मासे घेऊन बाजाराला निघालेला एक म्हातारा थांबला.

"भाऊ, हे जाळं हाये का गाठोडं?"

त्याने टोपली खाली ठेवली, माझ्या सगळ्या गाठी सोडवल्या आणि स्वतः विणायला बसला. ऊन चढलं.

"मासे खराब होतील, जा तुम्ही."

"मासे उद्याबी भेटतीन. पोरीयची म्याच उद्याच हाये."

"तुमची कोणत्या वर्गात आहे?"

"माही कोनी नाई इथी."

जाळी ताठ उभी राहिली तेव्हा बाजार उठला होता. मऊ पडलेले ते मासे आम्ही पालकांनी विकत घेतले. मासे न खाणाऱ्या हेडमास्तरांनीसुद्धा अर्धा किलो घेतले, शेजाऱ्यांसाठी म्हणून.