मावशीचं चालू खातं

माझ्या बायकोच्या मावशीला ज्या बँक मॅनेजरनं एकदा गिऱ्हाईक म्हणून सोसलं, तो पुढच्या आयुष्यात कुणालाही घाबरला नसेल, याची मला खात्री आहे. वडीगोद्रीला सडकेला लागून मावशींची लाकडाची वखार होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आणि दिरानं वखार विकून टाकायचा सल्ला दिला एवढ्याच कारणावरून त्यांनी ती पुढे हट्टानं चालवली. डोक्यावर पदर, तोंडात सुपारी आणि बसायला सागाचा ओंडका. हातातल्या काठीनं लाकूड ठोकून ते आतून पोकळ आहे की भरीव, हे त्या सांगत. नव्या माणसाकडेही काठी सावरूनच बघत. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तेव्हा मला उगाचच आपण आतून पोकळ असल्यासारखं वाटलं होतं.

सत्तर सालानंतर आमच्या भागात बँकांच्या शाखा भराभर निघू लागल्या. मी अंबडला मास्तर होतो, म्हणून पहिलं खातं उघडायला मावशी मलाच घेऊन गेल्या. व्यापाराला चालू खातं लागतं, असं कारकुनानं सांगताच त्या तापल्या. ‘चालू कशाला? मी सरळ बाई हाये, सरळ खातं द्या,’ असं त्यांनी त्याला ऐकवलं. चालू खात्यावर व्याज तर मिळत नाहीच, वर खातेवहीची जितकी पानं भरतील तितक्या पानांचा आकार, म्हणजे शुल्क, बँक कापून घेते, हेही कारकुनानं सांगितलं. परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, “जावईबापू, म्हणजे म्हैस आपली, बांधायची त्याच्या दारात, दूध त्यानं प्यायचं, आन् वैरणीचा खर्चबी आपुनच द्यायचा?”

पानावर पैसे असतील तर पान पुरवावं, असा त्यांनी मार्ग काढला. बाजारातून बारीक टोकाचा टाक आणून कारकुनाला भेट दिला आणि आमच्या खात्यात बारीक लिहा म्हणून विनवलं. तो बिचारा भिडेखातर खसखशीएवढे आकडे काढू लागला. पुढे तपासणीला आलेल्या साहेबाला ते पान वाचता येईना, त्यानं कारकुनाला झापलं, अक्षर पूर्ववत मोठं झालं, आणि त्यातच आकारही वाढला. मावशींनी खातं बंद केलं. भांडून नव्हे. भाड्याचं घर सोडताना मालकाला द्यावा तसा मॅनेजरच्या हातात नारळ ठेवला आणि बाहेर पडल्या.

तेव्हापासून माझी साडेसाती सुरू झाली. कुठं आकार वाढला की मावशी नारळ घेऊन निघत. नव्या बँकेत मात्र जुन्या खातेदाराची ओळख लागे, म्हणून आधी तिथल्या एखाद्या मास्तराला गाठून मी खातं काढायचं आणि मग यांची ओळख द्यायची. जावयानं नाही कसं म्हणायचं? माझ्याकडे इतकी पासबुकं साठली की शाळेत मला सावकार म्हणू लागले. प्रत्येकात पाच रुपये होते, हे मी कुणाला सांगितलं नाही.

अशा फिरत फिरत त्या शहागडच्या नव्या शाखेत पोचल्या. तिथला मॅनेजर कोकणातला, एकटा, ऊन आणि तिखट दोन्ही न सोसणारा पोरगेला माणूस. पहिल्याच भेटीत मावशींनी त्याला काठीशिवाय पारखलं आणि हा उपाशी राहतो, असं जाहीर केलं. मग भरणा करायला जाताना भाकरी आणि ठेचा बरोबर जाऊ लागला. तो ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणून आकाराचा नियम समजावी, आणि मावशी त्याला पाण्याचा तांब्या देत नियमच चूक असल्याचं सांगत. पण दसऱ्याच्या सुमारास तिथंही आकार वाढला. मावशींनी या वेळी माझंही तिथलं खातं बंद करवलं आणि त्यालाही नारळ दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

नवं खातं आष्टीला निघालं. आकारापेक्षा एसटीचं भाडं जास्त होतं, हे मी कागदावर मांडून दाखवलं. “येष्टीवाला भाडं घेतो, पर गावाला पोचवतो,” त्या म्हणाल्या. “बँकवाला कुठं पोचवतो?”

दिवाळीच्या तोंडावर मात्र त्या अडकल्या. नगरच्या एका ठेकेदाराचा मोठा चेक यायचा होता, मजुरांचा हिशेब त्यावरच ठरला होता, आणि तो काही येईना. मी सुट्टीत वखारीवरच होतो. मावशी ओंडक्यावर बसत नव्हत्या, येरझारा घालत होत्या. एका संध्याकाळी सडकेच्या धुळीतून सायकलवर शहागडचा मॅनेजर आला. धापा टाकतच त्यानं सांगितलं की ठेकेदारानं तो चेक परस्पर शहागडलाच पाठवला होता, तिथून तो पैसे वसूल करायला नगरच्या बँकेकडे गेला होता, घाईत खातं बंद करताना कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि आता पैसे आले आहेत. नियमानं परत पाठवले तर दिवाळी होऊन जाईल. उद्या सकाळी येऊन खातं उघडा, म्हणाला.

मावशींनी आधी आकार विचारला. वाढलेलाच आहे, तो म्हणाला. त्या सडकेकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आता वळख कोन देनार? जावईबापूंचं तिथलं खातं बी आमी बंद करून आल्तो.”

“ओळख मी देतो,” मॅनेजर म्हणाला. “मी ओळखतो तुम्हाला.”

मावशींनी त्याला जेवायला थांबवलं. मग त्या आत गेल्या आणि त्या रात्री आमच्यासाठी पहिल्यांदाच बिनतिखटाची भाजी झाली.

वर्ष-दीड वर्षानं त्याची बदली झाली. नव्या मॅनेजरच्या काळात आकार दोनदा वाढला. दोन्ही वेळा मी नारळाची वाट पाहिली, पण मावशी हलल्या नाहीत. शेवटी न राहवून मीच विचारलं, म्हटलं आष्टीला अजून स्वस्त आहे.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “ते पोरगं कधी बदली होऊन माघारी आलं, तर मला कुठं हुडकंल?”

तो काही परत आला नाही. खातं मात्र त्या होत्या तोवर शहागडलाच राहिलं.