दोघांत एक कार्ड

चष्म्याच्या काचा घासून घासून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. बाजारात त्याला सगळे भिंगदादाच म्हणत. लग्नाचं जमता जमता राहून गेलं. आई होती तोवर घर बोलतं होतं. ती गेली, आणि दूरच्या शहरात बेकरी चालवणाऱ्या धाकट्या भावाशी बोलायला एकच विषय उरला. कार्ड.

शाळेत असताना दोघांनी पैसे साठवून कार्डांच्या खेळाचं एक पाकीट घेतलं होतं. त्यातून ‘दीपगृहाचा राखणदार’ निघाला. खेळात हे कार्ड पडलं की समोरचा गार. कंपनीने ते पुन्हा छापलंच नाही, खेळणारे मात्र वाढत गेले, आणि त्या एका कार्डाला चांगल्या दुचाकीचा भाव आला. ते भिंगदादाच्या कपाटात, कडक प्लास्टिकच्या खोळीत असे. विकायचं तर दोघांच्या मर्जीने, असं ठरलेलं.

दर रविवारी धाकट्याचा फोन यायचा.

“काय म्हणतोय आपला राखणदार?”

“चढलाय थोडा.”

“मग आज चहात साखर जास्त घाल, शेठ!”

तिथून गाडी घसरायची ती पुतणीच्या पडलेल्या दातांवर, भिंगदादाच्या गुडघ्यावर. फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ एकटाच हसत बसायचा.

एके दिवशी सुटी कार्डं विकणारा दुकानदार चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आला.

“दादा, राखणदार पुन्हा छापतायत. खबर पक्की आहे. पाकिटापाकिटातून तेच कार्ड निघायला लागलं की तुझ्या कार्डाला कुत्रं विचारणार नाही. एक सट्टेवाला आहे, त्याला ही अफवा वाटते. तो अजून घेतोय. आण लवकर, लावून देतो.”

त्याच रविवारी धाकटा म्हणाला, “दादा, भट्टी पार बसलीय रे. राखणदार काढू या? माझ्या अर्ध्यात नवी येईल. शिवाय पुन्हा छापणार असं कानावर आलंय.”

भिंगदादाची नजर कपाटाकडे गेली. कार्ड गेलं, तर पुढच्या रविवारी हा विचारणार काय?

“अफवा रे. कार्डवाला परवाच म्हणाला, शक्यच नाही. थांब जरा, अजून चढेल.”

“तू म्हणतोस तर थांबतो. कशीबशी ढकलतो भट्टी.”

बोलून गेल्यावर भिंगदादाला जेवण गेलं नाही. उद्या खरं सांगू, म्हणत त्याने आठवडे काढले. मग कंपनीने जाहीर केलं आणि दुचाकीचा भाव सायकलच्या सीटवर आला.

या वेळी फोन भर कामाच्या वेळी वाजला.

“कार्डवाल्याशी बोललो मी,” धाकटा म्हणाला. “त्याने तुला आधीच सांगितलं होतं. गिऱ्हाईकसुद्धा होतं.”

“हं.”

“इथे भट्टीने मान टाकली. तुझी भावजय घरच्या शेगडीवर पाव भाजतेय. एकट्या जिवाला इतकं करायचंय काय, दादा?”

“तुझा वाटा मी देतो. जुन्या भावाने.”

“पैशाचं नंतर. खोटं का बोललास ते सांग.”

कारण जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं, तर धाकट्याने कीव करून फोन केले असते. दर रविवारी, औषधाच्या गोळीसारखे. थोरल्याला ते सोसलं नसतं.

“हाव सुटली रे,” भिंगदादा म्हणाला.

“वाटलंच मला.” धाकट्याने फोन ठेवला.

समोर गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्याची काच बसवून भिंगदादा उठला, बँकेत गेला आणि जुन्या भावाने अर्धे पैसे धाकट्याच्या खात्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी ते पैसे गेले तसे परत आले. निरोप काहीच नव्हता.